पहिला क्रमांक एकीचा, विश्वविजेतेपद दुसरीचं, मग वर्षातली सर्वोत्तम कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी चौदा वर्षांची आहे, चार वर्षं स्क्वॉश खेळतेय आणि महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांचे सामने आवडीने बघते. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जागतिक क्रमवारीत पहिल्या असलेल्या खेळाडूलाच मिळायला हवा, असं तिचं म्हणणं. विश्वविजेतीला का नको, असं तुमचं. क्रमवारी हाताशी असताना वेगळा पुरस्कार द्यायचाच कशाला, तो लोकप्रियतेचा कौल होत नाही का, ही शंका मात्र दोघांनाही आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की अशा पुरस्काराचं स्वप्न मुलीने मनात धरावं का.

मी तेवीस वर्षं मुलींना स्क्वॉश शिकवते आहे. त्यातली बारा वर्षं आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या वार्षिक पुरस्कारांच्या निवड समितीवरही आहे. आमचं व्यासपीठ लहान, पण बैठकीत होणारे वाद हेच. त्यामुळे तुमच्या घरातला वाद मला चांगला ओळखीचा वाटला.

तुम्ही दोघं एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देताय असं तुम्हाला वाटतंय, पण मुळात तुमचे प्रश्नच वेगळे आहेत. क्रमवारी सांगते की गेल्या बारा महिन्यांत कोणी सातत्याने जास्त गुण मिळवले. विश्वविजेतेपद सांगतं की त्या एका आठवड्यात, त्या काचेच्या कोर्टवर, सगळे सामने कोण जिंकलं. पुरस्कार विचारतो की हे वर्ष कोणाचं होतं. पहिल्या दोन्हींची उत्तरं आकडे देतात. तिसऱ्याचं उत्तर माणसांनाच द्यावं लागतं, आणि मतभेद सुरू होतात ते तिथून.

आधी क्रमवारीचं बघू, कारण तुमच्या मुलीचा सगळा भरवसा तिच्यावर आहे. क्रमवारीची खिडकी बारा महिन्यांची असते आणि ती सतत पुढे सरकत राहते. आज मिळालेले गुण वर्षभर खात्यात राहतात आणि मग गळून जातात. शिवाय स्क्वॉशमध्ये बराच काळ नुसती बेरीज न धरता, खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येने भागून सरासरी काढण्याची पद्धत राहिली आहे, किमान भाजक ठरवून. म्हणजे पंधरा स्पर्धा खेळून पाच जिंकणारी आणि दहा स्पर्धा खेळून पाच जिंकणारी यांचा हिशेब सारखा होत नाही. पद्धत न्याय्य आहे, माझी तक्रार नाही. पण तिच्यात काय मावत नाही, हे माहीत असावं.

याचं ठळक उदाहरण २०२० मधलं. मार्चमध्ये साथीमुळे सगळ्या स्पर्धा थांबल्या. जूनमध्ये इजिप्तच्या रनीम अल वलीलीने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा ती जगात पहिली होती. जुलैच्या यादीत तिच्याच देशाची नूरान गोहर पहिल्या स्थानावर आली. मधल्या काळात कोणी एक चेंडूही मारला नव्हता. गोहरने ते स्थान पुढे आपल्या खेळाने पुरेपूर कमावलं, त्यात वाद नाही. पण त्या एका महिन्याची यादी बघून ‘या महिन्याची सर्वोत्तम खेळाडू कोण’ असं विचारलं, तर यादीकडे उत्तर नाही.

आता तुमचं मत, विश्वविजेतीचं. डिसेंबर २०१४, कैरो. अंतिम सामना मलेशियाची निकोल डेव्हिड विरुद्ध रनीम. निकोल तेव्हा आठ वर्षांहून अधिक काळ सलग पहिल्या क्रमांकावर होती. प्रेक्षक रनीमच्याच देशाचे. रनीम दोन गेम विरुद्ध एक अशी पुढे, आणि चौथ्या गेममध्ये १०-६. म्हणजे अकरावा गुण मिळाला की विश्वविजेतेपद, आणि त्यासाठी चार मॅच बॉल हातात. निकोलने ते चारही वाचवले, गेम १४-१२ असा घेतला आणि पाचवा ११-५. ते तिचं आठवं विश्वविजेतेपद ठरलं.

हा सामना मी प्रत्येक नव्या तुकडीला दाखवते. दाखवून झाल्यावर मुलींना विचारते, त्या चार चेंडूंपैकी एक जरी रनीमचा पडला असता, तर वर्षभराच्या बाकीच्या सामन्यांत काही बदललं असतं का? नसतं. तोच सराव, त्याच रॅली, तेच विजय आणि तेच पराभव. तरी विश्वविजेतीच्या पाटीवर नाव वेगळं असतं. त्या एका पाटीवर सगळ्या वर्षाचा निकाल लावायला मी तयार होत नाही, ते यामुळे. त्याच वेळी, १०-६ वर मागे असताना जी बाई लेंथ (चेंडू कोर्टच्या मागच्या भागात खोल ठेवणं) सोडत नाही, घाई करत नाही, तिच्या त्या दहा मिनिटांचं मोल सरासरीच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही, हेही खरं. पुरस्कार देणाऱ्याला दोन्ही धरावं लागतं.

आणखी एक अडचण आहे, जी बाहेरून लक्षात येत नाही. ‘वर्ष’ म्हणजे कोणतं? महिलांच्या जागतिक स्पर्धेचं वेळापत्रक अनेकदा पुढे ढकललं गेलं. २०१३ ची स्पर्धा मार्च २०१४ मध्ये पेनांगला झाली आणि इंग्लंडची लॉरा मसारो जिंकली. मग डिसेंबरमध्ये वर सांगितलेली कैरोची स्पर्धा. म्हणजे २०१४ या एका वर्षात दोन विश्वविजेत्या. २०१५ ची स्पर्धा २०१६ मध्ये क्वालालंपूरला झाली. तिथे इजिप्तच्या नूर अल शर्बिनीने मसारोविरुद्ध दोन गेम गमावल्यावर तीन गेम जिंकले आणि विसाव्या वर्षी सर्वांत तरुण विश्वविजेती झाली. २०१९ मध्येही दोनदा: वर्षाच्या सुरुवातीला शिकागो, शरद ऋतूत कैरो. ‘विश्वविजेतीलाच पुरस्कार’ हा तुमचा नियम लावला, तर काही वर्षांत दोघींना द्यावा लागेल आणि एखाद्या वर्षी कोणालाच नाही.

मला सगळ्यांत अवघड गेलेलं वर्ष २०१७. बघा. मार्चमध्ये ब्रिटिश ओपन मसारोने जिंकली. एप्रिलमध्ये अल गूनाला लांबलेली जागतिक स्पर्धा झाली, अंतिम सामन्यात शर्बिनीने रनीमला हरवलं. ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाला यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात रनीम पुन्हा हरली, या वेळी इजिप्तच्याच नूर अल तय्यबकडून. त्याच दिवशी तय्यबचे पती अली फराग पुरुषांचं विजेतेपद जिंकले. एकाच दिवशी एकाच मोठ्या स्पर्धेत नवरा-बायको दोघं विजेते होण्याची ती पहिलीच वेळ. आणि डिसेंबरमध्ये मँचेस्टरला पुन्हा जागतिक स्पर्धा, पुन्हा शर्बिनी आणि रनीम समोरासमोर. या वेळी रनीम जिंकली. कैरोतल्या त्या चार मॅच बॉलनंतर तीन वर्षांनी. क्रमवारीत मात्र वर्षभर पहिली शर्बिनीच.

चार मोठ्या स्पर्धा, चार विजेत्या. आम्ही सहा-सात प्रशिक्षक त्या वर्षअखेरीस सामने बघून आपापलं मत लिहून काढत होतो. माझं मत रनीमला होतं आणि आजही आहे. तीन मोठ्या अंतिम फेऱ्या, तीन वेगळ्या ठिकाणी. त्यातल्या पहिल्या दोन हरूनही तिसऱ्यांदा ती तोच धाडसी खेळ घेऊन उतरली. हरल्यावर बहुतेक खेळाडू आपला खेळ आखडून घेतात, पुढच्या कोपऱ्यातले फटके कमी करतात. तिने ते केलं नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याचं मत शर्बिनीला होतं: एक जागतिक विजेतेपद, एक जागतिक उपविजेतेपद आणि बारा महिने अव्वल स्थान, याहून जास्त काय हवं, असं तो म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. तय्यबला मत देणारंही एक जण होतं, आणि त्या कारणाबद्दल पुढे बोलते.

हंगाम शरद ऋतूपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत धरला की हा घोळ बराच निवळतो. २०१९ चंच बघा: शिकागोची स्पर्धा २०१८-१९ च्या हंगामात जाते, कैरोची २०१९-२० मध्ये. तुम्ही दोघं घरी वाद घालाल तेव्हा कोणता कालखंड धरताय हे आधी ठरवून घ्या. अर्धी भांडणं तिथेच संपतील.

इथवरचं थोडक्यात: क्रमवारी सरासरी सांगते, विजेतेपद एका आठवड्याची कसोटी सांगतं, आणि ‘वर्ष’ कसं मोजायचं हे ठरवल्याशिवाय तिसऱ्या प्रश्नाला हात घालता येत नाही. आता मी स्वतः निवड करताना काय बघते, ते.

माझ्याकडे एक वही असते. त्यात मी गुणसंख्या कमी आणि समोरच्या खेळाडूचं वागणं जास्त लिहिते. समोरची कुठे उभी राहिली? टीच्या, म्हणजे कोर्टच्या मध्यावरच्या खुणेच्या, मागे एक पाऊल सरकली का? नेहमी ड्रॉप (पुढच्या भिंतीजवळच पडणारा हलका फटका) मारणारी मुलगी हिच्याविरुद्ध फक्त लांब फटके मारत राहिली का? माझ्या मते वर्षातली सर्वोत्तम खेळाडू ती, जिच्यामुळे बाकीच्यांना आपला खेळ बदलावा लागला. निकोलच्या काळात हे उघड दिसायचं. साधारण खेळाडूसमोर जो फटका थेट गुण मिळवून देतो, तो तिच्यासमोर परत यायचा, मग आणखी एकदा परत यायचा. त्यामुळे समोरच्या मुली फटका अजून खाली, टिनच्या (पुढच्या भिंतीच्या तळाची पट्टी, तिला चेंडू लागला की रॅली गेली) अजून जवळ ठेवायला बघायच्या आणि टिनवर मारून बसायच्या. गुण निकोलच्या नावावर लागायचा, चूक दुसरीच्या खात्यात जायची. प्रत्यक्षात ती चूक निकोलच्या पायांनी घडवलेली असायची. रनीमचं उलट. तिच्या मनगटातली फसवणूक इतकी उशिरा कळायची की समोरची खेळाडू टाचांवर थांबायची, पाऊल टाकायला घाबरायची. गोहरच्या वेगापुढे भल्याभल्यांना मागच्या भिंतीपाशी कोंडून राहावं लागतं. हा परिणाम आकड्यांत उतरतो, पण कशामुळे उतरला हे आकडे सांगत नाहीत.

दुसरं, कोणाला हरवलं. एकाच आकाराच्या दोन स्पर्धा जिंकलेल्या दोघींची वाट सारखी असेलच असं नाही. एकीच्या अर्ध्या गटातल्या मानांकित खेळाडू आधीच बाहेर पडलेल्या असतात, दुसरीला उपांत्यपूर्व फेरीपासून तीन दिवस तीन पहिल्या पाचातल्या भेटतात. मी सोडतीचे कागद जपून ठेवते ते याचसाठी.

तिसरं, हरल्यानंतरची स्पर्धा. हे फार थोडे जण बघतात. मला कोणाचा पराभव कसा झाला यात जितका रस आहे, त्याहून त्याच प्रतिस्पर्ध्याशी पुढची गाठ पडली तेव्हा काय बदललं होतं यात जास्त आहे.

मात्र हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, हे कबूल करायला हवं. दुखापतीमुळे अर्धं वर्ष बाहेर राहिलेल्या खेळाडूने उरलेल्या अर्ध्यात सगळं जिंकलं तर? मी समितीत असते तेव्हा किमान सामन्यांची अट आधी ठरवायला लावते, नावं समोर यायच्या आधी. नावं आल्यावर ठरवलेली अट कोणाच्या तरी बाजूने झुकतेच. बाळंतपणानंतर परत येणाऱ्या खेळाडूंचा प्रश्न याहून नाजूक आहे. तय्यब २०२१ मध्ये आई झाली आणि पुन्हा व्यावसायिक कोर्टवर आली. अशा पुनरागमनाला सर्वोत्तम खेळाडूच्या तराजूत वेगळं वजन द्यायचं का? मी देत नाही. आदर कमी आहे म्हणून नव्हे. कोर्टवर ती इतरांइतकीच गुणांसाठी झगडते आणि तिला तसंच मोजलेलं आवडेल, असं मला वाटतं. तिच्या परत येण्याचा सन्मान करायचा असेल तर त्यासाठी स्वतंत्र मान असावा, आणि तो मोठा असावा.

यावरून तुमच्या लोकप्रियतेच्या शंकेकडे येते. मत कोण देतं, यावर पुरस्काराचा रंग ठरतो. खेळाडूंनी दिलेल्या मताला एक धार असते, कारण कोणाविरुद्ध खेळून दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात हे त्यांनाच माहीत. पण खेळाडू आपल्या सोबतच्या मैत्रिणींकडेही झुकतात. पत्रकार आणि समालोचक जास्त सामने बघतात, पण मोठ्या स्पर्धांचेच. चाहते गोष्ट लक्षात ठेवतात. २०१७ मध्ये तय्यबला मत देणाऱ्या माझ्या सहकारी प्रशिक्षिकेने प्रांजळपणे सांगितलं होतं: ‘त्या दिवशी ते दोघं करंडक घेऊन उभे होते, तेवढंच मला या वर्षातलं आठवतंय.’ यात गैर काही नाही. तय्यबने तो सामना जिंकलाच होता, तेही रनीमविरुद्ध. पण एका सुंदर दिवसाची आठवण आणि एका वर्षाचं मोजमाप यांत फरक करता यायला हवा. कोणताही पुरस्कार जाहीर झाला की आधी हे शोधा: मतं कोणाची, कालखंड कोणता, आणि यादीत नाव येण्याची अट काय. मग चिडायचं की नाही ते ठरवा.

आता जो विषय मला सगळ्यांत जवळचा आहे तो: उदयोन्मुख खेळाडू आणि सर्वाधिक प्रगती करणारी खेळाडू यांचे पुरस्कार. लोक त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस समजतात. तसे ते समजले की निवड बिघडते.

आमच्याकडे एकदा हे घडलं. एक मुलगी सलग तिसऱ्या वर्षी सगळं जिंकत होती. समितीत सूर निघाला की सारखं तिलाच काय, दुसरीलाही उत्साह वाटू दे. मी फारसा विरोध केला नाही आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला ‘वर्षातली सर्वोत्तम’ दिलं. दोन दिवसांनी ती मुलगी स्मृतिचिन्ह पिशवीत घालून माझ्याकडे आली. म्हणाली, ‘ताई, मी तिला या वर्षी एकदाही हरवलेलं नाही. हे घरी ठेवायला मला बरं वाटत नाही.’ मला आजही तो चेहरा आठवतो. आम्ही दोघींवर अन्याय केला होता: जिचा हक्क होता तिच्यावर, आणि जिला दिलं तिच्यावरही. तेव्हापासून माझा आग्रह असतो की एकच खेळाडू सलग पाच वर्षं सर्वोत्तम असेल तर पाच वर्षं तिलाच द्या. निकोल ऑगस्ट २००६ पासून सलग १०९ महिने पहिल्या क्रमांकावर होती. त्या काळात वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान पुन्हा पुन्हा तिलाच मिळत गेला आणि तेच योग्य होतं. कंटाळा येतो म्हणून उत्तर बदलत नाही.

इतरांना मान द्यायचा तर त्यासाठी वेगळा, स्वच्छ प्रश्न विचारावा. ‘सर्वाधिक प्रगती’ हा तसा प्रश्न आहे, आणि तो दिसतो त्याहून कठीण आहे. क्रमवारीत साठावरून तिसाव्या स्थानावर येणं आणि बाराव्यावरून सातव्यावर येणं, यात मोठी झेप कोणती? आकड्याने पहिली. माझ्या अनुभवात दुसरी. वर जावं तशी जागा अरुंद होत जाते. दीपिका पल्लिकल डिसेंबर २०१२ मध्ये महिलांच्या जागतिक पहिल्या दहात आली, तिथे पोहोचलेली ती पहिली भारतीय. पुढे जोश्ना चिनप्पानेही दहावं स्थान गाठलं. पंधरा ते दहा या पाच पायऱ्या चढताना दोघींचा किती कस लागला, हे त्यांचे सामने बघणाऱ्यांना माहीत आहे.

उदयोन्मुख खेळाडू निवडताना वयाची सावली मध्ये येते. शर्बिनी २००९ मध्ये तेराव्या वर्षी कनिष्ठ गटातली विश्वविजेती झाली. अशी मुलगी समोर आली की सतरा-अठरा वर्षांच्या बाकीच्या मुली एकदम जुन्या वाटू लागतात, आणि तो भास असतो. लवकर आलेलं यश आणि टिकणारा खेळ यांचं नातं सरळ नाही. शर्बिनीच्या बाबतीत ते टिकलं. २०२५ मध्ये तिने आठवं विश्वविजेतेपद मिळवून निकोलची बरोबरी केली. पण कनिष्ठ गटात चमकून पुढे दिसेनाशा झालेल्या मुली मी स्वतः शिकवल्या आहेत, आणि सोळाव्या वर्षापर्यंत कोणाच्या नजरेत न भरलेल्या, पण बावीसाव्या वर्षी उमललेल्याही.

याच संदर्भात २०२४-२५ च्या हंगामाकडे बघा. व्यावसायिक स्क्वॉश संघटनेच्या (पीएसए) पुरस्कारांत भारताच्या अनाहत सिंगला दोन मान मिळाले: महिलांमधली उदयोन्मुख खेळाडू आणि चॅलेंजर स्पर्धांमधली सर्वोत्तम खेळाडू. वय सतरा. मला त्यातला दुसरा मान जास्त बोलका वाटतो. चॅलेंजर स्पर्धा म्हणजे मुख्य दौऱ्याखालची पायरी. बक्षिसाची रक्कम कमी, प्रेक्षक थोडे, प्रवास स्वतःचा स्वतः, आणि समोर अशा खेळाडू ज्यांना वर जायची तुमच्याइतकीच घाई. तिथे आठवड्यामागून आठवडा जिंकत राहणं हे वेगळंच कौशल्य आहे. ‘वर्षातली सर्वोत्तम’ हा एकच पुरस्कार असता तर तिचा तो सगळा हंगाम कोणाच्या नजरेला पडला नसता. पुरस्कारांची संख्या वाढली की त्यांची किंमत कमी होते, अशी टीका मी ऐकते. प्रत्येक पुरस्कार जर वेगळा प्रश्न विचारत असेल, तर मला ती पटत नाही.

तुमच्या मुलीने आणखी एक विचारलं होतं: आजच्या शर्बिनीची आणि तेव्हाच्या निकोलची तुलना पुरस्कारांच्या संख्येवरून करता येईल का? करू नये. पहिलं कारण संस्थेचं. महिलांचा दौरा बराच काळ स्वतंत्र संघटना चालवत होती, आधी ‘विस्पा’ या नावाने, २०११ पासून डब्ल्यूएसए म्हणून. जानेवारी २०१५ मध्ये ती पुरुषांच्या पीएसएमध्ये विलीन झाली. पुरस्कारांची रचना, नावं, कालखंड हे सगळं त्याबरोबर बदलत गेलं.

दुसरं कारण खेळातलंच आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २००८ मध्ये महिलांच्या दौऱ्यावर नऊ गुणांची जुनी पद्धत जाऊन अकरा गुणांची आली. पूर्वी सर्व्हिस हातात असेल तरच गुण मिळायचा, नव्या पद्धतीत प्रत्येक रॅलीला. मग २०१५-१६ च्या हंगामापासून महिलांच्या कोर्टवरची टिन १९ इंचांवरून १७ इंचांवर आली, पुरुषांइतकी. दोन इंच ऐकायला किरकोळ वाटतात. पण पुढच्या भिंतीवर दोन इंच खाली मारलेला ड्रॉप दुसऱ्या टप्प्याआधी गाठायला समोरच्या मुलीला जवळजवळ एक पाऊल जास्त लागतं. धावून सगळं परत आणणाऱ्या खेळाडूचा फायदा थोडा घटला, फटके मारणारीचा वाढला.

इथे एका घाईच्या निष्कर्षापासून सावध करते. रनीम सप्टेंबर २०१५ मध्ये पहिल्या क्रमांकावर आली, निकोलची नऊ वर्षांची सत्ता संपली, आणि टिनही त्याच सुमारास खाली आली. त्यामुळे ‘टिनमुळेच रनीम पहिली झाली’ असं अनेक जण बोलून जातात. वर सांगितलेली बारा महिन्यांची खिडकी आठवा. सप्टेंबर २०१५ च्या यादीतले गुण त्याआधीच्या वर्षभरातले होते, म्हणजे १९ इंचांच्या टिनवर मिळवलेले. रनीमने निकोलला जुन्याच टिनवर मागे टाकलं होतं. नव्या टिनने पुढे तिच्यासारख्या खेळाला बळ दिलं असेल, पण ते शिखर तिने त्याआधी गाठलेलं होतं.

वार्षिक पुरस्काराची एक मोठी सोय यातच आहे: त्या वर्षी सगळ्या एकाच टिनवर, एकाच गुणपद्धतीत खेळलेल्या असतात. तुलना करायला तेवढी जमीन सपाट मिळते. ऑस्ट्रेलियाच्या हेदर मॅके १९६२ ते १९७७ अशा सलग १६ ब्रिटिश ओपन जिंकल्या. त्यांना आजच्या कोणाशी कसं तोलायचं? मला जमत नाही आणि मी प्रयत्नही करत नाही.

आता स्वप्नाचं. पुरस्काराचं स्वप्न बघायला माझी हरकत नाही, फक्त सरावाचं ध्येय म्हणून तो मी कोणत्याही मुलीला देत नाही, कारण तो तिच्या हातात नसतो. क्रमवारीही पूर्ण हातात नसते. हातात काय असतं, तर डाव्या मागच्या कोपऱ्यातून निघालेला चेंडू भिंतीला चिकटून जातो की नाही, आणि गेम हरल्यावरच्या दीड-दोन मिनिटांत ती काय विचार करते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्क्वॉश पहिल्यांदाच येतंय, त्यामुळे तुमच्या मुलीच्या पिढीसमोर आमच्यापेक्षा मोठी व्यासपीठं आहेत. २०१८-१९ च्या शिकागोच्या जागतिक स्पर्धेत एकूण दहा लाख डॉलरचं बक्षीस होतं आणि त्यातलं निम्मं, पाच लाख, महिलांचं. माझ्या खेळण्याच्या दिवसांत हे कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. पुरस्काराच्या यादीतली महिलांची नावं पुरुषांच्या शेजारी, त्याच आकारात छापलेली बघून मला अजून भरून येतं.

मुलीसाठी एक काम सुचवते. या हंगामात तिला एक वही द्या. तिच्या आवडत्या तीन खेळाडू निवडू देत, आणि एक अशी, जिचा खेळ तिला अजिबात आवडत नाही. चौघींचे जमतील तेवढे सामने बघायचे. प्रत्येक सामन्यानंतर तीन ओळी: समोरचीने आपला खेळ कुठे बदलला, १०-१० झाल्यावर कोणी कोणता फटका निवडला, आणि गेल्या वेळी हरलेली या वेळी काय वेगळं करत होती. हंगाम संपल्यावर, पुरस्कार जाहीर होण्याच्या आधी, तिने तिचं नाव लिहायचं आणि तुम्ही तुमचं, कारणांसह. ती चौथी, न आवडणारी खेळाडू वहीत कितव्या क्रमांकावर आली, ते मला जरूर कळवा.